बाप्यामाणसाच्या केकवर काय काढायचं?

वडोदऱ्यात घरून केक करायला लागल्यापासून एक गोष्ट फार जवळून पाहत आले आहे. बाईच्या वाढदिवसाचा केक असला की सांगणारी माणसं भरभरून सांगतात. मोगरा काढा, पैठणीचा काठ काढा, अबोली रंग ठेवा. लहान मुलाचा असला तर मूल आईच्या हातून फोन ओढून घेऊन स्वतःच सांगतं. आणि नवऱ्याचा, वडलांचा, सासऱ्यांचा असला की समोरून आधी "काहीही चालेल हो" येतं आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र येतं. कोट आणि टाय. नाहीतर काळी मिशी. नाहीतर फेसाळलेला बिअरचा मग, तोही गुजरातेत, जिथे १९६० साली राज्य झालं तेव्हापासून दारूबंदी आहे. ज्यांच्यासाठी केक मागवलाय त्या काकांनी जन्मात टाय बांधलेला नसतो.

मला याचं वाईट वाटतं. साठ-सत्तर वर्षं जगलेला, घर उभं केलेला माणूस, आणि त्याच्या नावाने आपण एक मिशी काढून मोकळे होतो. म्हणून मी हल्ली ऑर्डर घेताना चित्र मागतच नाही. घरच्यांना विचारते, सकाळी उठल्यावर त्यांच्या हातात पहिल्यांदा काय असतं? अशी कुठली वस्तू आहे जिला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत? रविवारी दुपारी ते कुठे सापडतात? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की केक अर्धा झालेला असतो.

रावपुऱ्यातल्या एका वहिनींनी असंच पटकन सांगितलं, "ते डग्ग्याला कुण्णाला हात लावू देत नाहीत." झालं, डग्गा ठरला. वडोदऱ्यात सयाजीरावांच्या काळात, १८८६ साली गायनशाळा सुरू झाली, त्यामुळे घरात तबला-पेटी असणं इथे जुन्या मराठी कुटुंबांत काही विशेष नाही. पण डग्गा करायचा तर तो नीट बघावा लागतो. मी त्यांच्या घरी जाऊन पाहून आले. तबल्याची शाई, म्हणजे वरचा काळा गोल, मधोमध असते, डग्ग्याची एका बाजूला सरकलेली असते. केकच्या फोटोंत बहुतेक ठिकाणी ती मधोमध दिसते, आणि वाजवणाऱ्याच्या डोळ्याला ते पहिल्या नजरेत खुपतं. शाईसाठी चकचकीत गनाश, म्हणजे क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट, ओतलं तर चहा सांडल्यासारखं दिसतं, कारण खरी शाई चमकत नाही. मी स्टीलची गोल रिंग ठेवून तिच्यात कोको पावडर गाळणीने चाळली आणि रिंग सरळ वर उचलली. कड अगदी स्वच्छ आली. पुडीला, म्हणजे वरच्या चामड्याला, पांढऱ्या चॉकलेटच्या गनाशमध्ये पिवळ्या-तपकिरी रंगाचा एक ठिपका, आणि कडेचा गजरा, म्हणजे चामड्याची विणलेली कड, फोंडंटच्या (लाटता येणाऱ्या साखरेच्या लगद्याच्या) तीनपदरी वेणीचा. काकांनी केक पाहिल्यावर पहिलं बोट शाईच्या कडेवर ठेवलं.

असंच एका तरुणासाठी मगर केली. विश्वामित्रीच्या मगरी वडोदऱ्याला नवीन नाहीत, पण २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या रस्त्यांवर, सोसायट्यांत आल्या आणि त्यांना पकडून पुन्हा सोडणारी मुलं अख्ख्या शहराने पाहिली. हा त्यांतला एक. त्याच्या बहिणीला मगरच हवी होती, "पण कार्टूनची नको." मग मगरीचा रुंद जबडा आणि सुसरीचा लांब निमुळता, हा फरक सांभाळला. पाठीवरचे खवले चमच्याच्या टोकाने एकेक उमटवले. शेपटीवर खवल्यांच्या दोन उभ्या रांगा असतात आणि टोकाकडे त्या मिळून एक होतात, ते केलं. सेव-उसळीवर जीव असलेल्या एका मामांसाठी ताटलीच केली. त्यातली शेव फोंडंटची, आपल्या घरच्या सोऱ्याला बारीक ताटली लावून पाडलेली. त्यासाठी वेगळं यंत्र विकत घ्यायची काही गरज नाही, सोऱ्या धुऊन पूर्ण कोरडा केला की पुरे.

पण जो केक मी सगळ्यांत मन लावून केला तो घरचा होता. सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीचा.

नाना विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले. त्यांची खरी हजेरी मात्र लहानपणापासून आखाड्यात. वडोदऱ्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचं आणि ते चालवणाऱ्या प्रो. माणिकरावांचं नाव आमच्या घरात देवघरातल्या नावांसारखं घेतात. नाना अजूनही सकाळी मुलांना मल्लखांब शिकवतात. नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला आधी मल्लखांब पुन्हा रुजवणारे बाळंभटदादा देवधर आणि पेशवा दुसरा बाजीराव यांची गोष्ट ऐकावी लागते, मग खांबाला हात. स्वतः आता चढत नाहीत, पण खांबाला एरंडेल तेल चोळायचं काम त्यांनी कुणाला दिलेलं नाही.

तेव्हा काय करायचं हा प्रश्न नव्हता. कसं उभं करायचं हा होता.

दिवस श्रावणाचे. सकाळी पंच्याहत्तरीची ऐंद्री शांत, कणकेच्या ७५ दिव्यांनी औक्षण, आणि संध्याकाळी आखाड्यातली मंडळी येणार म्हणून केक. अंड्याचा प्रश्नच नाही. जिलेटिनही नको, आणि हे बऱ्याच जणींच्या लक्षात येत नाही. बाजारात मिळणाऱ्या काही फोंडंटमध्ये आणि मार्शमेलोमध्ये जिलेटिन असतं, म्हणून पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच घ्यायचं. शिवाय श्रावणातली वडोदऱ्याची हवा. फोंडंट लावलेला केक फ्रिजमधून बाहेर काढला की त्याला घाम फुटतो, रंग ओघळतात, बोटं चिकटतात. म्हणून मी सुरुवातीलाच ठरवलं की अंगाला सगळं गनाश, खांबाला मॉडेलिंग चॉकलेट, आणि फोंडंट फक्त जिथे कापडासारखं दिसायला हवं तिथे.

माणसाची आकृती करायची नाही हेही तेव्हाच ठरलं. जाऊबाईंचा आग्रह होता की खांबावर नाना हवेत, तरुणपणचे. पण फोंडंटच्या बाहुलीला कितीही मेहनत घेतली तरी चेहरा बाळबोधच येतो. पंच्याहत्तर वर्षांच्या करारी माणसाला असं गोंडस करून टाकणं मला पटत नाही. फोटो छापलेली खायची शीटही मी सहसा लावत नाही. ज्याचा वाढदिवस त्याच्याच चेहऱ्यावरून सुरी फिरवायची, हे कसंसंच वाटतं. आखाडा म्हणजे मारुती आलाच, तोही कोनाड्यात दाखवू या असं कुणीतरी सुचवलं. त्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. देवाचं आणि महाराजांचं काही कापायच्या वस्तूवर मी काढत नाही, कितीही मोठी ऑर्डर असो.

मग नाना दिसणार कसे? मी त्यांच्याबरोबर सकाळी आखाड्यात गेले आणि बघत बसले. आत आल्यावर ते आधी घड्याळ काढतात. जुनं एचएमटी, पांढऱ्या तबकडीचं, काळ्या पट्ट्याचं. मग चष्मा काढतात. पंच्याची चौपदरी घडी करून ती कट्ट्यावर ठेवतात आणि तिच्यावर घड्याळ आणि चष्मा, काचा वर करून. मग तेलाची वाटी. हा क्रम कधी बदलत नाही असं मुलांनी सांगितलं. माझा केक तिथे ठरला: हौदाची लाल माती, मधे मल्लखांब, आणि कोपऱ्यात पंच्याच्या घडीवर घड्याळ आणि चष्मा. माणूस नुकताच उठून तेल आणायला गेलाय असं वाटावं.

खांबाचं काम सगळ्यांत रंगलं. खरा मल्लखांब जमिनीवर साधारण साडेआठ फूट. खाली जाड, वर निमुळता होत जाणारं अंग, मग बारीक मान, आणि टोकाला बोंड. हे प्रमाण जसंच्या तसं लहान केलं तर दहा इंचांच्या उंचीत खांबाची काडी होते, म्हणून जाडी मी मुद्दाम वाढवली, बुंध्याशी जवळजवळ सव्वा इंच. नुसत्या चॉकलेटचा केला तर स्वतःच्या वजनाने आणि गरमीने वाकणार. म्हणून आत हलकं आणि कडक काहीतरी हवं. परदेशी पाककृतींत यासाठी भाताच्या लाह्या आणि वितळवलेलं मार्शमेलो वापरतात. आपल्याकडे त्याहून चांगली गोष्ट घरोघरी आहे, कुरमुऱ्याची चिक्की. गुळाचा पाक अगदी कडक घेतला. पाण्यात थेंब टाकला तर तो दगडासारखा तळाशी जाऊन, काढून मोडल्यावर कट्कन आवाज करून तुटला पाहिजे. त्यात कुरमुरे जरा चुरडून घातले, कारण अख्ख्या कुरमुऱ्यांत पोकळ्या राहतात आणि वरून पृष्ठभाग खडबडीत दिसतो. मिश्रण गरम असतानाच तुपाचा हात लावून एका जाड स्ट्रॉभोवती दाबत दाबत वळलं. हे काम झटपट उरकावं लागतं, पाक गार झाला की वळत नाही. गूळ हवेतली ओल ओढून घेतो आणि श्रावणात तासाभरात पाझरायला लागतो, म्हणून गार झाल्या झाल्या ब्रशने वितळलेल्या चॉकलेटचा एक पूर्ण हात दिला, टोकं आणि बुंध्यासकट. त्या लेपाने चिक्की शेवटपर्यंत कुरकुरीत राहिली.

त्यावर मॉडेलिंग चॉकलेट. ३०० ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेटला १०० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, पांढऱ्या चॉकलेटला ग्लुकोज थोडं कमी. ग्लुकोज कोमट करून घालायचं, गार घातलं तर चॉकलेटच्या गाठी होतात. आणि उलथन्याने फक्त एकजीव होईपर्यंत फिरवायचं. भांड्याची कड सोडायला लागलं की थांबायचं, त्यापुढे घोटलं तर तेल सुटतं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवलं की सकाळी कणकेसारखं मळता येतं. लाकडाची रेषा उमटवण्यासाठी मी गडद आणि दुधी अशा दोन रंगांचे गोळे केले आणि ते अर्धवटच एकत्र मळले. लाटल्यावर शिसवीच्या फळीसारख्या शिरा आपोआप दिसायला लागल्या. ती पोळी खांबावर गुंडाळून सांधा मागच्या बाजूला घेतला, आणि नव्या कोऱ्या टूथब्रशने उभ्या रेषा हलक्या ओढल्या.

यानंतरचं मी कुठे वाचलेलं नव्हतं, हाताला सापडलं. मॉडेलिंग चॉकलेट तळहाताने चोळत राहिलं की हाताच्या उबेने वरचा थर किंचित सैल होतो आणि लाकडाला तेल पाजल्यावर येते तशी चकाकी येते. खालून वर, एकाच दिशेने, न दाबता. नाना एरंडेल चोळतात तसंच. तो खांब चोळताना मला पहिल्यांदा कळलं की ते काम ते दुसऱ्याला का देत नाहीत.

केक दहा इंचांचा चौकोनी, वेलची-जायफळाचा, कंडेन्स्ड मिल्कवर केलेला. अंड्याशिवायचा स्पंज मऊ आणि भुसभुशीत असतो, त्याच्यावर खांबाचं वजन टाकता येत नाही. म्हणून सुताराकडून प्लायवूडच्या पाटावर मधोमध एक ८ मिलिमीटरची गोल काठी खालून स्क्रूने पक्की करून घेतली. काठीला खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठीचं प्लॅस्टिक गुंडाळलं आणि केकच्या थरांना मधे भोक पाडून ते वरून एकेक सोडले. खांब बसतो त्या जागी पुठ्ठ्याचं छोटं चकतं ठेवलं आणि त्याच्या खाली केकच्या उंचीएवढे स्ट्रॉचे तुकडे रोवले. भार त्या तुकड्यांवरून थेट पाटावर जातो. खांबाच्या आत स्ट्रॉ आहेच, त्यामुळे तो वेगळा नेऊन तिथे गेल्यावर काठीवर वरून सरकवायचा. उंच केक करणाऱ्या प्रत्येकीला माझं हेच सांगणं आहे: उंच भाग जोडलेला नेऊ नका. मांजलपूरहून दांडिया बाजारापर्यंत केक माझ्या मांडीवर होता आणि खांब मुलाच्या हातात, टॉवेलात गुंडाळलेला.

बाहेरून डार्क चॉकलेटचं गनाश, चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के स्निग्धांश असतो, त्याला हे प्रमाण चांगलं बसतं. मे महिना असता तर चॉकलेट अडीच भाग घेतलं असतं. पहिला पातळ हात देऊन फ्रिजमध्ये, त्यात सगळा चुरा धरला जातो, मग दुसरा जाड हात. बाजूंवर पट्टीने विटांच्या रेषा ओढल्या, मधेमधे एखादी वीट बोटाने किंचित दाबून जुनी केली.

माती करायला मला फार आवडलं. आखाड्याच्या मातीत हळद, ताक, तेल घालून ती तयार करतात, त्यामुळे तिचा रंग बाहेरच्या मातीसारखा रुक्ष नसतो, जरा उबदार असतो. बेकरीची नानकटाई कुस्करून त्यात कोको आणि लाल जेल रंग चोळला, आणि चिमूटभर हळदही घातली. रंगासाठीच घातली, चवीला कळली नाही. सगळं एकसारखं बारीक न करता काही खडे ठेवले, आणि खांबाच्या बुंध्याशी माती पावलांनी दबलेली दिसावी म्हणून चमच्याच्या पाठीने चोपली.

पंच्यासाठी पाव किलो फोंडंटमध्ये एक सपाट चमचा सीएमसी ही खायची घट्ट करणारी पावडर मळली, त्याने ते वाळल्यावर आकार धरतं. अगदी पातळ लाटून त्यावर मलमलचं धुतलेलं फडकं पसरलं आणि वरून लाटणं फिरवलं. फडकं उचललं तेव्हा सुताची वीण जशीच्या तशी उमटली होती, आडवे-उभे धागे मोजता येतील इतकी. खायच्या पेनने लाल काठ काढला, कात्रीने दशा कापल्या आणि घडी घातली. घड्याळाची तबकडी पांढऱ्या चॉकलेटची, काटे सहावर, म्हणजे नाना आखाड्यात पोचतात ती वेळ. चष्म्याची नुसती फ्रेम केली. साखरेची काच या हवेत टिकत नाही.

मेणबत्त्या नव्हत्या. सकाळी ज्यांना दिव्यांनी ओवाळलं त्यांनी संध्याकाळी ज्योत फुंकायची हे आईंना, म्हणजे सासूबाईंना, चालणार नव्हतं, मलाही नको होतं. पुढच्या विटांवर पांढऱ्या गनाशने "नाना ७५" एवढंच लिहिलं. देवनागरी लिहिताना मी आधी शिरोरेषा ओढते आणि अक्षरं तिच्यावरून खाली सोडते, म्हणजे ओळ वर-खाली होत नाही. जोडाक्षरं शक्यतो टाळते, कारण बारीक नोझलमध्येसुद्धा ती भरून येतात आणि वाचता येत नाहीत.

खांब काठीवर सरकवला तेव्हा नाना समोरच उभे होते. ते खूप वेळ बघत राहिले. पहिल्यांदा वाकून घड्याळ पाहिलं आणि नकळत स्वतःच्या मनगटाला हात लावला. मग खांबाकडे वळले. तळहात खांबाला अलगद लावून खालून वर नेला.

"बोंड झकास आलंय," ते म्हणाले. "मान जरा आणखी बारीक हवी होती गं. इथे पकड बसायची नाही."

मी सांगितलं की बोंडाचं वजन पेलायला मान जाड ठेवावी लागली. त्यांनी मान डोलावली आणि आखाड्यातल्या काका मंडळींना ते समजावून सांगायला लागले, जणू खांब त्यांनीच उभा केला होता. त्यावरून अंगाच्या निमुळतेपणावर त्यांची चांगली चर्चा रंगली. केक कापायला बराच उशीर झाला, आणि तो उशीर मला फार आवडला. कोट-टायच्या केकवर अशी चर्चा झालेली मी अजून पाहिलेली नाही.

खांब मात्र नानांनी कापू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आखाड्यात नेला, मुलांना आधी अंग, मान, बोंड दाखवून नावं पाठ करून घेतली आणि मग स्वतः मोडून वाटला. चिक्की लागल्यावर मुलं खूश झाली.

त्या मंडळींतल्या एका काकांच्या सूनबाईंचा आता फोन आला आहे. त्यांचे सासरे हार्मोनियम दुरुस्त करतात. पेटीची पट्टी आणि स्वर सोपे आहेत, काळ्या-पांढऱ्या मॉडेलिंग चॉकलेटचे होतील. भात्याच्या घड्या मात्र उभ्या राहायला हव्यात, त्यासाठी सीएमसी घातलेलं फोंडंट कागदाच्या घडीवर वाळवून बघणार आहे. आणि त्यांच्या कामाच्या टेबलावर सुरांच्या पितळी पट्ट्या कशा पसरलेल्या असतात, ते बघायला या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन येते.